घरी सर्व्हिसिंग केली आणि गाडी सुरूच होईना? घाबरू नका, क्रमाने शोधा



आपण या मालिकेत कर्ज, हिशोब, ग्राहक, मार्केटिंग यावर बोलतो. आजचा धडा थोडा वेगळा आहे, हात काळे करणारा आहे. पण ज्याचा धंदा चार चाकांवर चालतो त्याच्यासाठी हा धडा मार्केटिंगइतकाच महत्त्वाचा आहे.

शहागडसारखं गाव डोळ्यासमोर आणा. एका बाजूला गोदावरी, अंगावरून जाणारा धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ५२, आजूबाजूला ऊस आणि मोसंबी. इथे कुणाची ईको शाळेची मुलं आणि वऱ्हाडाची भाडी करते. कुणाचा छोटा हत्ती पहाटे भाजीपाला घेऊन निघतो. कुणाची पिकअप मोसंबीचा माल जालन्याला पोहोचवते. या लोकांसाठी गाडी म्हणजे दुकानाचं शटर. गाडी सुरू झाली तर दुकान उघडलं, नाही झाली तर त्या दिवशी दुकान बंद.

आता पैसे वाचवायचे म्हणून आपल्यातले बरेच जण ऑईल, एअर फिल्टर, प्लग, डिझेल फिल्टर, बॅटरीची सफाई ही कामं घरीच करतात. चांगली गोष्ट आहे. पण काम संपवून, हात धुऊन चावी फिरवली आणि गाडी उचललीच नाही, तर? पहाटे चारचं भाडं ठरलेलं असतं, समोरचा शेतकरी माल तोडून बसलेला असतो, आणि आपण बोनेट उघडून नुसतं बघत उभे राहतो.

अशा वेळी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे थांबायचं, हे आज शिकूया. शेवटी याचा धंद्याच्या हिशोबाशी काय संबंध आहे तेही बघू.

पहिला नियम: बिघाड तिथेच शोधा जिथे हात लागला

गाडी काल चालत होती. आज चालत नाही. मधल्या वेळात काय झालं? फक्त तुमचा हात फिरला. म्हणजे बहुतेक वेळा दोष नवीन नसतो. काहीतरी लावायचं राहिलेलं असतं, सैल राहिलेलं असतं, उलटं लागलेलं असतं किंवा काम करताना धक्का लागून निघालेलं असतं.

म्हणून सगळ्यात आधी कागद-पेन घ्या आणि लिहा: आज मी काय काय उघडलं? काय बाजूला केलं? कोणती वायर, कोणता पाईप, कोणता क्लिप हलवला? एअर फिल्टर बदलायला डबा उघडला असेल तर त्या डब्यावरचा सेन्सरसुद्धा यादीत आला. ऑईल फिल्टर काढताना हात ज्या वायरला घासला तीसुद्धा आली.

हे न करता लोक काय करतात? सेल्फ मारत राहतात. पाच मिनिटांत बॅटरी बसते, आणि एका दोषाचे दोन दोष होतात. मग नवीन बॅटरी विकत आणतात. तरी गाडी सुरू होत नाही, कारण दोष बॅटरीत नव्हताच!

तेव्हा चार गोष्टी पक्क्या करा:

१. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे दगड.

२. ऑईल बदललं असेल तर सेल्फ मारण्याआधी ऑईलची पट्टी बघा. जुनं ऑईल काढलं आणि नवं ओतायचंच राहिलं, असंही होतं. अशा वेळी गाडी सुरू न होणं हे नशीबच समजा.

३. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. दोन प्रयत्नांच्या मध्ये किमान अर्धा ते एक मिनिट विश्रांती. सेल्फची मोटर गरम होऊन जळू शकते.

४. पान्हा, फडकं, स्क्रू ड्रायव्हर मोजून घ्या. एखादं अवजार इंजिनवर राहिलेलं नाही ना?

दुसरा नियम: चावी फिरवा आणि कान द्या

डॉक्टर आधी नाडी बघतो, तसं आपण आधी आवाज ऐकायचा. चावी फिरवल्यावर पाचपैकी एक गोष्ट होईल. कोणती होते यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

प्रकार १: काहीच नाही, किंवा नुसतं 'टक्'

इथे पेट्रोल, डिझेल, प्लग, फिल्टर याकडे बघूच नका. प्रश्न विजेचा आहे.

हेडलाईट लावा आणि मग सेल्फ मारा. लाईट एकदम विझल्यासारखा झाला तर बॅटरी बसली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. लाईट तसाच लख्ख राहिला आणि आवाजही नाही, तर बॅटरीत दम आहे पण हुकूम सेल्फपर्यंत पोहोचत नाही. मग सेल्फची बारीक वायर, फ्यूज, आणि ज्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही तिथे क्लचचा स्विच बघा.

टर्मिनल हाताने पिळून बघा. हाताने फिरलं तर ते सैल आहे, मग वरून कितीही चांगलं दिसो. काढा, पॉलिश पेपरने आतून घासा, पक्कं बसवा. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. नाहीतर पान्हा बॉडीला टेकला की ठिणगी उडते.

बॅटरी काढून परत बसवताना प्लस-मायनस उलट लागले असतील तर मोठा फ्यूज उडालेला असतो, अल्टरनेटरलाही मार बसलेला असू शकतो. इथे स्वतः प्रयोग करू नका. वायरमनला बोलवा.

मल्टिमीटर जवळ असेल तर काम सोपं. गाडी बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली पडत असेल तर बॅटरी थकली आहे. काम करताना दोन-तीन तास दार उघडं, आतला दिवा चालू आणि वर टेप चालू, असं असेल तर चांगली बॅटरीसुद्धा बसते.

प्रकार २: इंजिन फिरतं, पण जड, 'घर्रर्र... घर्रर्र...'

बॅटरी कमजोर, टर्मिनल सैल, किंवा अर्थिंग. तिसरं कारण लोक विसरतात. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एक जाड पट्टी किंवा केबल असते. काम करताना ती काढली आणि लावायची राहिली, किंवा बोल्टखाली गंज आणि माती राहिली, तर करंट परत जायला रस्ता मिळत नाही.

तपासायची सोपी युक्ती: मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. साफ करा, घट्ट करा.

प्रकार ३: इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही

घरच्या सर्व्हिसिंगनंतर हा प्रकार खूप दिसतो. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ ठीक. इंजिनला हवं असतं इंधन, हवा आणि आग, तेही योग्य वेळी. यातलं एक अडलं आहे. पेट्रोल आणि डिझेल वेगळं बघू.

पेट्रोल गाडी असेल तर:

चावी फक्त 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. इंजेक्शनच्या गाडीत मागच्या सीटखालून किंवा टाकीजवळून दोन सेकंद 'गूंऽऽ' असा पंपाचा आवाज यायला हवा. आवाज नाही तर पंपाचा फ्यूज, रिले, कनेक्टर बघा.

डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी तुमची चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा. इथे इंजिन खोलून काही मिळणार नाही.

प्लग बदलले असतील आणि जुन्या पद्धतीच्या प्लगच्या वायरी असतील, तर त्या अदलाबदल झाल्या आहेत का बघा. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत आग लागण्याचा क्रम १-३-४-२ असतो. तीन सिलिंडरला वेगळा. वायरी उलटसुलट लागल्या तर गाडी फटाके वाजवेल पण चालणार नाही. नवीन गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते. तिचा कनेक्टर 'टिक' आवाज येईपर्यंत बसला का, हे बघा.

नवीन प्लग पडला होता का? त्याच्या पांढऱ्या चिनी मातीला बारीक तडा गेला तरी तो निकामी. आणि प्लगमधली फट गाडीच्या पुस्तकात लिहिलेली आहे, तेवढीच हवी. अंदाजपंचे दाबायची नाही.

फार वेळ सेल्फ मारल्याने प्लग पेट्रोलने भिजले असतील, वास येत असेल, तर दहा मिनिटं थांबा. मग इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर अशा वेळी पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा आत जाऊन इंजिन कोरडं होतं. पकडायला लागली की पाय सोडा.

डिझेल गाडी असेल तर:

डिझेल फिल्टर बदलला होता? मग नव्वद टक्के विचार एकाच गोष्टीचा करा: लाईनमध्ये हवा धरली आहे. डिझेल इंजिनला हवेचा एक फुगासुद्धा चालत नाही.

फिल्टरच्या वर किंवा लाईनमध्ये हँडपंप असेल तर तो दाबत राहा. आधी पोकळ लागेल, मग कडक होईल. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करा, फेस जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत पंप मारा, मग घट्ट करा. हँडपंप नसलेल्या आणि टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत चावी ऑन करून पाच-दहा सेकंद थांबा, ऑफ करा, असं पाच-सहा वेळा करा. मगच सेल्फ.

हवा परत परत धरत असेल तर कुठून तरी आत येते आहे. फिल्टरची रबरी रिंग दुमडली आहे का? जुनी रिंग वरच चिकटून राहिली आणि नवीन तिच्यावर बसली का? पाईपची क्लिप सैल आहे का? नळी उलटी तर लागली नाही ना? फिल्टरवर बाण असतो, तो डिझेल जाण्याच्या दिशेने हवा.

जुन्या पद्धतीच्या पंपावर इंजिन बंद करणारी एक छोटी वायर असते, स्टॉप सोलेनॉईडची. काम करताना ती निघाली तर इंजिन नुसतं फिरत राहील.

एक धोक्याची सूचना: कॉमन रेल डिझेल गाडीत इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या इंजिन फिरत असताना कधीही सैल करू नका. तिथे हजार बारपेक्षा जास्त दाब असतो. त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमावायची वेळ येऊ शकते. जुन्या माणसांनी जुन्या इंजिनवर जे केलं ते नव्या इंजिनवर करायचं नाही.

प्रकार ४: सुरू होते आणि लगेच बंद पडते

एअर फिल्टर किंवा थ्रॉटलची सफाई केली असेल तर इथेच बघा. एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनकडे जाणारी जाड रबरी नळी नीट बसली का? क्लॅम्प आवळला का? हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर लावला का? सेन्सरच्या पुढे कुठून चोरून हवा आत गेली की कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो आणि इंजिन गुदमरतं. बारीक रबरी नळ्या, ज्यांना मेकॅनिक व्हॅक्यूमच्या नळ्या म्हणतात, त्यातली एखादी निघाली तरी हेच होतं.

फिल्टरच्या डब्यात फडकं किंवा प्लॅस्टिकचं वेष्टन राहिलं नाही ना, हेही बघा. हसू नका, राहतं.

डिझेल गाडी सुरू होऊन मिनिटभरात बंद पडली तर परत हवा. फिल्टरमध्ये होतं तेवढं डिझेल संपलं आणि मागून हवा आली.

प्रकार ५: इंजिन एकदम हलकं, 'सुईंऽऽ' असं फिरतं, किंवा अजिबात हलत नाही

इथे थांबा. हात जोडून सांगतो, थांबा.

एकदम हलकं फिरणं म्हणजे कॉम्प्रेशन नाही. टायमिंग बेल्टचं काम केलं असेल तर बेल्टचा दात चुकला आहे किंवा बेल्ट तुटला आहे. अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. प्रत्येक सेल्फ म्हणजे खर्चात भर.

अजिबात न हलणं म्हणजे आत काहीतरी अडलं आहे, किंवा सिलिंडरमध्ये पाणी गेलं आहे. पाणी दाबलं जात नाही. जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्या, सुरू करू नका.

काम कोणतं केलं, त्यावरून पटकन अंदाज

- ऑईल बदली: पट्टी बघा, फार जास्त भरलं आहे का बघा, फिल्टरजवळच्या सेन्सरची वायर बघा. सुरू झाल्यावर ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली असेल तर सगळं ऑईल बाहेर येईल.
- एअर फिल्टर: सेन्सरचा कनेक्टर, जाड नळी, क्लॅम्प.
- प्लग: वायरींचा क्रम, कॉईलचे कनेक्टर, तडा.
- डिझेल फिल्टर: हवा, रिंग, नळ्यांची दिशा.
- बॅटरी: टर्मिनल, अर्थिंग, मोठा फ्यूज, चावीचं चिन्ह.
- इंजिन पाण्याने धुणं: प्लगच्या खड्ड्यात आणि कनेक्टरमध्ये पाणी. कनेक्टर उघडून हवेने सुकवा. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुणं हा शौक धंद्याच्या गाडीला परवडत नाही.
- काहीच सापडत नाही: फ्यूज बॉक्स. टेस्ट लॅम्प लावताना पिन सरकली की फ्यूज उडतो. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावा, वायरचा तुकडा नाही.

आणखी एक मदतनीस आहे. नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर मोबाईलला जोडला की गाडी स्वतः कोड सांगते. उदाहरणार्थ, पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. पी०३५१ म्हणजे पहिल्या इग्निशन कॉईलचं सर्किट. पी०१०२ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल कमी. पण कोड हा पत्ता आहे, निकाल नाही. 'क्रँक सेन्सर' असा कोड आला म्हणून लगेच नवीन सेन्सर आणू नका. आधी त्याचा कनेक्टर बसला आहे का ते बघा.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करताना

बॅटरीच बसली असेल तर जम्पर केबल लावता येते. क्रम असा: लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून पेटणारा वायू निघतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ नको. काढताना उलटा क्रम.

आता हायवेवरच्या लोकांसाठी खास. ढाब्यावर ट्रक उभा असतो, ड्रायव्हर भला माणूस असतो, तो म्हणतो, "दादा, लाव माझ्यावरून." लावण्याआधी विचारा: सिस्टीम किती व्होल्टची? बऱ्याच मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. आपली गाडी १२ व्होल्टची. २४ व्होल्ट दिले की कॉम्प्युटर, मीटर, बल्ब, सगळ्याला धोका. १२ व्होल्टची दुसरी कार किंवा ट्रॅक्टर बरा.

धक्का स्टार्टचा विचार फक्त तेव्हाच करा जेव्हा दोष बॅटरीचा आहे हे नक्की आहे. ऑईलची खात्री नसेल, टायमिंग बेल्टचं काम केलं असेल, इंजिनमध्ये पाण्याचा संशय असेल, किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल, तर धक्का नको.

गाडी राष्ट्रीय महामार्गावरच बंद पडली असेल तर आधी ती कडेला घ्या, इंडिकेटर चालू करा, मागे त्रिकोण ठेवा, माणसं रस्त्यापासून लांब उभी करा. महामार्गाची हेल्पलाईन १०३३ आहे, मोबाईलमध्ये आताच सेव्ह करा. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कव्हर घेतलं असेल तर तो नंबरही.

कुठे थांबायचं?

उद्योजकाला स्वतःची हद्द माहीत असली पाहिजे. माझा सल्ला: एक तास. यादीप्रमाणे सगळं तपासायला एक तास पुरतो. त्यात सापडलं नाही तर मिस्त्रीला फोन. आणि सीएनजीची लाईन, कॉमन रेलची नळी, टायमिंग बेल्ट, एअरबॅगची वायर, चावीची ओळख या पाच गोष्टींना पहिल्या मिनिटापासून हात नाही. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. तिथे शिकाऊपणा चालत नाही.

मिस्त्रीला फोन केल्यावर लपवालपवी करू नका. "अचानक बंद पडली" असं सांगितलं तर तो दोन तास चुकीच्या जागी शोधेल आणि ते पैसे तुम्हीच द्याल. "मी डिझेल फिल्टर बदलला, तेव्हापासून सुरू होत नाही, इंजिन जोरात फिरतं पण पकडत नाही, हँडपंप कडक झाला आहे," असं सांगा. अर्धं काम फोनवर होतं.

आता धंद्याचा हिशोब

वही काढा. समजा तुमच्या पिकअपचं दिवसाचं भाडं २,५०० रुपये. डिझेल आणि किरकोळ खर्च ९०० रुपये. हातात राहिले १,६००. घरी सर्व्हिसिंग करून तुम्ही एका वेळी १,००० रुपये वाचवता, आणि वर्षात चार वेळा करता. बचत झाली ४,०००.

आता चारपैकी एकदा गाडी अडली, एक दिवस गेला आणि मिस्त्रीला ७०० रुपये द्यावे लागले. नुकसान १,६०० अधिक ७००, म्हणजे २,३००. तरी वर्षाची बचत १,७०० उरली. म्हणजे घरचं काम फायद्याचंच, बरोबर?

थांबा. हिशोबात एक ओळ राहिली. त्या दिवशी ज्याचा माल गेला नाही तो व्यापारी तुम्हाला महिन्याला आठ फेऱ्या देत होता. आठ गुणिले १,६००, म्हणजे १२,८०० रुपये महिन्याला. तो दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेला, तर १,००० रुपये वाचवायला केवढी किंमत मोजली बघा.

याचा अर्थ घरी काम करू नका असा नाही. अर्थ असा की वेळ निवडा. भाड्याच्या आदल्या संध्याकाळी इंजिनला हात लावायचा नाही. ज्या दिवसानंतर अजून एक मोकळा दिवस आहे, अशा सकाळी काम काढायचं. म्हणजे गाडी अडली तरी शोधायला उजेड आहे, स्पेअर पार्टचं दुकान उघडं आहे, मिस्त्री जागा आहे आणि ग्राहक वाट बघत नाही. हा एक नियम पाळलात तर या लेखातला निम्मा त्रास होणारच नाही.

आणि एक राखीव माणूस ठेवा. आपल्याच गावात दुसऱ्या गाडीवाल्याशी ठरवा: "माझी अडली तर तू ने, तुझी अडली तर मी नेतो, ग्राहक ज्याचा त्याचाच." त्या दिवशीचे १,६०० जातील, पण व्यापारी राहील. त्याला पहाटे चारला नाही, रात्री नऊलाच फोन करून सांगा. उशिरा कळलेली अडचण ग्राहकाला फसवणूक वाटते. वेळेवर कळली तर तो समजून घेतो.

पद्धत बसवा, म्हणजे वेळच येणार नाही

१. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो. वायर कुठून कुठे जाते, नळी कोणती कुठे, सगळं दिसायला हवं.

२. एका वेळी एकच काम. ऑईल बदललं, गाडी सुरू करून बघितली, बंद केली. मग फिल्टर. पुन्हा सुरू करून बघितली. पाच कामं एकदम केली तर दोष पाच जागी शोधावा लागतो.

३. काढलेले बोल्ट कामाप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत. शेवटी एक बोल्ट उरला तर काम संपलेलं नाही.

४. प्लग चारही एकदम काढू नका. एक काढा, नवा लावा, वायर लावा, मग पुढचा.

५. फिल्टर आणि ऑईल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दर्जाचंच. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर ऑईलचा दर्जा चुकला की धुराच्या फिल्टरचं मोठं बिल येतं.

६. वहीत नोंद: तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च. गाडी विकताना हीच वही किंमत वाढवते.

७. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी अटी वाचा.

या ज्ञानातून धंदा होतो का?

होतो, पण घाईने नाही. महामार्गावरच्या गावात 'जागेवर येऊन गाडी सुरू करून देणारा' माणूस लोकांना हवा असतो. सुरुवातीला लागतं काय? मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, चांगल्या जाडीची जम्पर केबल, चार्ज केलेली बॅटरी, स्कॅनर, प्लग पान्हा, फ्यूजचा डबा, टॉर्च आणि दुचाकी. मोठं गॅरेज नाही लागत.

पण आधी हात तयार करा. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो जमत नसेल तर चांगल्या गॅरेजमध्ये वर्षभर हाताखाली राहा. मग उद्यम नोंदणी करा, ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, कुणाला पैसे देऊ नका. भांडवलासाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज आहे. आणि दर आधीच ठरवा: यायचे किती, तपासायचे किती, रात्रीचे किती. अडलेल्या माणसाकडून तोंडाला येईल तो भाव घेणारा एकदाच कमावतो. ठरलेला भाव सांगणाऱ्याचा नंबर दहा जणांच्या मोबाईलमध्ये जातो.

आजचा गृहपाठ

आज संध्याकाळी गाडीचं बोनेट उघडा. काही खोलू नका. फक्त पाच गोष्टी शोधा आणि त्यांचे फोटो काढा: बॅटरीचा मायनस जिथे बॉडीला जोडला आहे तो बोल्ट, इंजिनची अर्थिंग पट्टी, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरजवळचा सेन्सर, आणि डिझेल गाडी असेल तर हँडपंप. गाडीच्या पुस्तकातलं फ्यूजचं पान मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. दुसऱ्या एका गाडीवाल्याशी राखीव फेरीचं बोलून घ्या.

एवढं अर्ध्या तासात होतं. पुढच्या वेळी सर्व्हिसिंगनंतर चावी फिरवाल आणि आवाज आला नाही, तर तुम्हाला माहीत असेल की आधी कुठे बघायचं.

पुढच्या धड्यात याच गाडीचा वर्षाचा खर्च मांडू आणि भाड्याचा दर कसा काढायचा ते बघू. वही सोबत ठेवा.